वस्तीत आरोग्याचं काम सुरू करताना: नव्या ताईंसाठी पहिले सहा महिने

पहिल्या दिवशी हातात एक पिशवी, एक रजिस्टर आणि ओळखपत्र मिळतं. एएनएमताई, म्हणजे आरोग्य केंद्राच्या नर्स, गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून हात दाखवतात, "त्या नाल्यापासून या शौचालयापर्यंत तुमचं." प्रशिक्षण होतं, पण ते खोलीत होतं, आणि काम गल्लीत असतं. गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला मी दहाएक वर्षं हे काम करते आहे. नव्या मुली येतात, घाबरतात, त्यातल्या काही चांगल्या मुली दोन महिन्यांत सोडून जातात. त्यांना जे तोंडी सांगत आले, ते इथे एकदा नीट लिहिते.

मुंबईत महापालिकेच्या आरोग्य सेविका आहेत, आता आशा कार्यकर्त्याही आहेत. इतर शहरांत आशाच. नाव कुठलंही असो, काम एकच. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान २०१३ साली सुरू झालं. त्याच्या नियमाप्रमाणे एका आशाकडे २०० ते ५०० घरं, म्हणजे १००० ते २५०० माणसं, आणि साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक शहरी आरोग्य केंद्र. दाट वस्तीत हा आकडा कसा फुगतो, ते पुढे येईलच.

पायरी १: रजिस्टर उघडण्याआधी चाला

पहिला आठवडा फक्त चालण्यात घालवा आणि नकाशा काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल. नळ कुठे, सार्वजनिक शौचालय कुठे, अंगणवाडी, रेशनचं दुकान, मशीद, बुद्धविहार, मंदिर, नाला, कचऱ्याचा ढीग, आणि प्रत्येक छोटा दवाखाना. ज्या डॉक्टरकडे लोक आधी जातात, तो डॉक्टर तुम्हाला माहीत हवा.

मग घरं मोजा, पण दारं मोजून थांबू नका. माझ्या पहिल्या यादीत एका गल्लीत २२ घरं होती. नंतर एकदा पावसात एका दारात अडकले, तेव्हा भिंतीला लावलेल्या लोखंडी शिडीवरून एक बाई पोटाशी बाळ धरून उतरताना दिसली. वरच्या माळ्यावर वेगळं बिऱ्हाड होतं, भाड्याचं. त्याच्याही वर पत्र्याची एक खोली, तिथे तिसरं. त्या बाळाला जन्मानंतरची एकही लस मिळालेली नव्हती, आणि मी महिनाभर त्याच शिडीखालून ये-जा करत होते. पुन्हा मोजलं तेव्हा त्याच गल्लीत ४१ बिऱ्हाडं निघाली. तेव्हापासून मी दारात विचारते, "इथे गॅस किती पेटतात?" जितके गॅस, तितकी बिऱ्हाडं. "वर कोण राहतं, मागे कोण राहतं?" हे दोन प्रश्न कधी विसरू नका.

कारखानेही मोजा. जरीकामाचे, पिशव्या शिवायचे, जिथे दहा-पंधरा मुलं काम करतात आणि तिथेच झोपतात. ती कुणाच्याच घरात धरली जात नाहीत, म्हणून कुणाच्याच यादीत येत नाहीत. बंद हवा, दाटीवाटी, अपुरं जेवण. टीबी तिथे लवकर पसरतो.

पायरी २: वस्तीचं घड्याळ ओळखा

पाणी यायच्या वेळी कुणाच्या दारात जाऊ नका. त्या पाऊण तासात बाईला दिवसभराचं पाणी भरायचं असतं. घरकामाला जाणाऱ्या बाया सकाळी निघतात त्या दुपारी परततात. रात्रपाळीचा माणूस सकाळी झोपलेला असतो. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ टाळा. पुरुषांचा रक्तदाब तपासायचा तर रविवार. आपली ड्युटी केंद्राच्या वेळेप्रमाणे ठरलेली असते, तरी आठवड्यातून एक संध्याकाळ मी एएनएमताईंना सांगून मागून घेते. कुलूपबंद घरं त्या एका संध्याकाळी उघडी सापडतात.

घराला कुलूप असेल तर "कुलूप" असंच लिहा. तीन वेगवेगळ्या वेळी जा, शेजारणीकडे निरोप ठेवा आणि तारखा लिहून ठेवा. कितीही दबाव असो, न दिलेली भेट दिली म्हणून लिहू नका. महिनाअखेरीला आकडा पूर्ण करायची घाई वर बसलेल्यांना असते, ते मला कळतं. पण तुम्ही "भेट दिली" लिहिलंत की त्या घरी पुन्हा कुणी जात नाही. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली. तेव्हा पुन्हा घरोघरी फिरलो, आणि लस चुकलेली मुलं सापडत गेली. रजिस्टर खरं असेल तर पुढच्या साथीत कुठल्या दारात आधी धावायचं ते आपल्याला ठाऊक असतं.

पायरी ३: दारात काय बोलायचं

वस्तीत कागद घेऊन येणाऱ्या माणसाची भीती असते. सर्वे म्हटलं की लोकांना तोडक कारवाई आठवते, नाहीतर पात्र-अपात्रची यादी. म्हणून रजिस्टर पिशवीतच ठेवा. आधी नाव सांगा, केंद्राचं नाव सांगा, ओळखपत्र दाखवा, आणि स्पष्ट म्हणा, "मी घर तोडणाऱ्यांकडून आलेले नाही, दवाखान्यातून आले आहे." आधारकार्डाचा विषय पहिल्या भेटीत काढू नका.

पाणी दिलं तर प्या. खाली बसायला सांगितलं तर बसा. आमच्या भागात निम्मी घरं हिंदी-उर्दू बोलणारी, त्यामुळे कुणाची मी ताई, कुणाची दीदी, कुणाची बाजी. त्यांच्या भाषेत बोलता येईल तेवढं बोला, चुकलं तरी लोक समजून घेतात.

पाळी चुकली का, हे सासूसमोर विचारू नका. खोकल्याबद्दल दारातून मोठ्याने बोलू नका. पत्र्याच्या भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं. मला काही खासगी विचारायचं असलं की मी म्हणते, "चल, जरा नळापर्यंत येतेस का माझ्याबरोबर?" पाच मिनिटांच्या त्या चालण्यात बायकांनी मला जे सांगितलं, ते घरात बसून कधीच सांगितलं नसतं. आणि ते तुमच्यापाशीच राहायला हवं. एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात एकदा जरी निघाली, तरी त्या गल्लीत तुम्हाला पुन्हा कुणी खरं सांगणार नाही.

पायरी ४: गरोदर बाया

नोंदणी पहिल्या १२ आठवड्यांत व्हायला हवी, आणि बाळंतपणापर्यंत किमान ४ तपासण्या. प्रत्येक तपासणीत वजन, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे.

लोहाच्या गोळ्या किमान १८० दिवस घ्यायच्या असतात, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. गोळ्या वाटणं सोपं आहे, पण त्या पोटात जातात का ते पाहावं लागतं. शौचाला काळं होतं, मळमळतं, मग बाई गोळ्या डब्यात टाकून देते आणि आपल्याला "घेते" म्हणून सांगते. म्हणून पाकीट देतानाच सांगा की काळं होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चहाबरोबर घेऊ नको, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घे. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेव. पुढच्या भेटीत गोळ्या किती उरल्या हे डोळ्यांनी बघा.

शहरातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: "बाळंतपणाला गावाला जाणार का?" सातव्या महिन्यात बाई उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये, बीडला, सोलापूरला निघून जाते, आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर परत येते. तोपर्यंत ती ना इथल्या यादीत, ना तिथल्या. जायच्या आधी तिचं माता बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत आहे का बघा, गावातल्या आशाचा किंवा घरातल्या कुणाचा तरी नंबर घ्या, आणि परतायची तारीख स्वतःच्या वहीत लिहा. त्या तारखेला फोन करा.

धोक्याची लक्षणं तिला आणि तिच्या नवऱ्यालाही पाठ करून द्या: रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल कमी होणं, पाणी जाणं. यातलं काहीही झालं की १०८. अरुंद गल्लीत रुग्णवाहिका आत येत नाही, म्हणून तिला रस्त्यापर्यंत कोण आणणार, खुर्चीवर बसवून की रिक्षात, हे आधीच ठरवून ठेवा.

पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५००० रुपये हप्त्यांनी मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६०००. बहुतेक अर्ज बँक खात्याशी आधार जोडलेलं नसल्यामुळे अडकतात. ते आधी तपासा.

पायरी ५: घरी आलेलं बाळ

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर बाळाला भेटायचे दिवस ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ही पद्धत महाराष्ट्रातच घडली, याचा मला अभिमान आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू, म्हणजे पहिल्या महिन्यातले मृत्यू, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते जगासमोर आलं. त्याच्याही आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी कमी शिकलेल्या गावच्या बायकांवर हाच विश्वास टाकला होता. कुणी तुम्हाला "तू काय डॉक्टर आहेस का?" म्हणालं, तर हे लक्षात ठेवा.

भेटीत आधी हात धुवा. बाळ दूध ओढतं का ते बसून बघा, नुसतं विचारू नका. हातपाय गार लागतात का, तळवे-तळपाय पिवळे आहेत का, नाळेला पू आहे का. नाळेवर हळद, राख, तेल काहीच नको. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा: बाळ शांत असताना, कपडा वर करून, पोटाकडे बघत. मिनिटाला ६० किंवा जास्त असेल तर एकदा परत मोजा. तरी तेवढाच आला, छाती आत ओढली जात असेल, बाळ ढिलं पडलं असेल किंवा दूध सोडलं असेल, तर "उद्या बघू" म्हणू नका. आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधा आणि निघा. जन्मवजन अडीच किलोच्या खाली असेल त्या घरी जास्त वेळा जा.

पायरी ६: लसीकरण

जन्मताच बीसीजी, पोलिओ, कावीळ ब. मग ६, १०, १४ आठवडे. ९ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, १६ ते २४ महिन्यांत दुसरा. दुसरा डोस चुकतो, कारण तोवर आई कामावर परतलेली असते आणि बाळ आजीकडे, शेजारणीकडे असतं. सत्राच्या आदल्या दिवशी ड्यू लिस्ट, म्हणजे लस बाकी असलेल्या बाळांची यादी, घेऊन जा आणि बाळ दिवसा ज्या घरी असतं तिथे सांगा.

नकार देणाऱ्या आयांवर ओरडू नका. माझ्या भागातल्या एका आईने तीनदा दार लावून घेतलं. चौथ्यांदा मी लसीचं नावच काढलं नाही, फक्त विचारलं, मोठ्याच्या वेळी काय झालं होतं? मग तिने सांगितलं. सुई दिली त्या रात्री मुलगा तापाने फणफणला, खोली दहा बाय दहाची, नवरा झोपला नाही, सकाळी नाक्यावर उशिरा पोचला, त्या दिवसाची मजुरी गेली. त्यावरून घरात मारही बसला होता. तिला लसीची भीती नव्हतीच. आम्ही सत्राऐवजी शनिवारचा दिवस ठरवला, कारण रविवारी नवऱ्याला सुट्टी. केंद्रात विचारून लस दिली, नर्सने सांगितलेलं तापाचं औषध किती आणि कधी द्यायचं ते मी तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं, आणि रविवारी सकाळी तिच्या दारात उभी राहिले. लस दिल्यानंतरच्या सकाळची ही भेट रजिस्टरमध्ये कुठे लिहायची नसते. तरी ती चुकवू नका.

पायरी ७: टीबी

दोन आठवडे किंवा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री घाम, थुंकीत रक्त. यातलं एक जरी असलं तरी तपासणी. थुंकीचा नमुना नीट आला नाही तर तपासणी वाया जाते. डबी हातात देऊन निघून येऊ नका. करून दाखवा: चूळ भर, दोनदा खोल श्वास घे, तिसऱ्यांदा छातीतून खाकरून काढ. लाळ नको, घट्ट बेडका हवा. खोलीत नाही, उघड्यावर, माणसांपासून लांब.

औषध साधारण सहा महिने, रोज. पहिल्याच दिवशी सांगा की लघवी नारिंगी-लाल होईल, ते औषधाचं आहे. हे न सांगितल्यामुळे "रक्त जातंय" म्हणून गोळ्या फेकून देणारी माणसं मी पाहिली आहेत. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, नजर धूसर झाली तर लगेच केंद्रात आणा.

दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, माणूस कामाला लागतो. तिथेच औषध सुटतं. जरीच्या कारखान्यातला एक १९ वर्षांचा मुलगा माझ्याकडे होता. तो बरा दिसू लागला आणि मी त्याच्याकडे जाणं आठवड्यावरून पंधरवड्यावर आणलं. एकदा गेले तर त्याची जागा रिकामी, "वो तो गाँव गया." माझ्याकडे फक्त त्याचा इथला नंबर, तोही बंद. तो कुठे आहे, गोळ्या घेतो का, मला आजही माहीत नाही. ती चूक माझी होती. आता मी पहिल्याच दिवशी दोन नंबर घेते, एक इथला आणि एक गावच्या घरचा, आणि गाव, पोस्ट, जिल्हा लिहून घेते. जायचं ठरलं तर आधी सांग, असं प्रत्येक भेटीत म्हणते. निक्षय या टीबीच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते, औषध तिथे मिळतं, फक्त आपल्याला वेळेवर कळायला हवं.

पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते. घरातल्या बाकीच्यांची तपासणी करून घ्या. टीबी नसेल त्यांना प्रतिबंधक औषध द्यायचं का हे डॉक्टर ठरवतील, लहान मुलं तर नक्की दाखवा. आणि रुग्ण लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर तिच्या दारात वेगळी पिशवी, वेगळी डबी घेऊन जाऊ नका. तिला केंद्रातच बोलवा, किंवा इतर कामाच्या निमित्ताने जा.

पायरी ८: जुलाब, डास आणि पावसाळा

ओआरएसचं पाकीट लोक थोडंथोडं ग्लासात टाकून देतात. एक पाकीट, एक लिटर पाणी, सगळं एकदम. एक लिटरची रिकामी बाटली पिशवीत ठेवा, त्यांच्याच पातेल्यात मोजून ओता आणि पाणी कुठवर आलं तिथे आईला बोट लावायला सांगा. २४ तासांनी उरलेलं फेकायचं. सोबत झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि वस्तीत पाणी साठवल्याशिवाय भागत नाही. म्हणून "पाणी साठवू नका" असं सांगायला जाऊ नका. पिंपाला घट्ट कापड बांधा आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडं करा, हे सांगा. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्या माणसाला ताप आला तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) विचार हवा. त्याने अंगावर काढू नये.

पायरी ९: दवाखान्यात पाठवणं

चिठ्ठी देऊन पाठवलेली निम्मी माणसं पोचत नाहीत, असा माझा अनुभव. मोठ्या रुग्णालयात केसपेपरची खिडकी कुठली, किती वाजता बंद होते, कुठला मजला, हे लिहून द्या. गंभीर असेल तर पहिल्या वेळी बरोबर जा. मग संध्याकाळी फोन करून विचारा, काय म्हणाले?

काही गोष्टी आपल्या एकटीच्या नाहीत. १८ वर्षांखालची गरोदर मुलगी आढळली तर कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा, घरच्यांशी तडजोड करत बसू नका. मारहाणीसाठी १८१, मुलांसाठी १०९८, मनाने खचलेल्या माणसासाठी टेलिमानसचा १४४१६. हे नंबर भिंतीवर लावू नका, बाईच्या मोबाइलमध्ये दुसऱ्या नावाने सेव्ह करून द्या.

सुई टोचू नका, खासगी डॉक्टरचं नाव सुचवू नका, पैसे घेऊ नका. बाळ झालं म्हणून पेढा दिला तर खा.

पायरी १०: बायकांना बरोबर घ्या, स्वतःलाही सांभाळा

५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती असते, तिला वर्षाला ५००० रुपयांचा निधी मिळतो. गल्लीत जिचं ऐकलं जातं अशी बाई समितीत हवी, मग ती निरक्षर असली तरी चालेल. नवीन भाडेकरू आला की तीच तुम्हाला फोन करते.

मोबदल्याचं सांगते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, तरी आपण कागदावर अजून स्वयंसेविकाच आहोत, आणि मोबदला बरेचदा उशिरा येतो. प्रत्येक कामाची तारीख, नाव आणि रक्कम स्वतःच्या वेगळ्या वहीत लिहा, दिलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा. एकदा माझे चार महिन्यांचे पैसे अडकले होते, ते त्या वहीमुळेच सुटले. संघटनेत जा, एकटीने भांडून काही होत नाही.

पाणी कमी पिऊ नका. शौचालय मिळत नाही म्हणून दिवसभर तहानलेल्या राहणाऱ्या आपल्यातल्या किती जणींना लघवीचा त्रास आहे, ते मला माहीत आहे. ज्या दोन-तीन घरांत हक्काने जाता येईल ती घरं पहिल्याच महिन्यात जोडा. संध्याकाळच्या फेरीला जोडीने जा. आणि तुम्हाला स्वतःला दोन आठवडे खोकला असेल, तर तुमचीही थुंकी तपासा.

सहा महिने झाले की नकाशा पुन्हा काढा. जुन्यावर खोडाखोड करू नका, नवा कागद घ्या, वर तारीख टाका आणि पुन्हा नाल्यापासून सुरुवात करा. वर बघत चाला. नव्या शिड्या लागलेल्या असतात.